चाकाचा आऊट नुसत्या तारा आवळून निघत नाही

सायकलचे चाक घरच्या घरी सरळ करण्याचा एक उपाय सर्रास सांगितला जातो: चाक जिथे झुकले असेल तिथल्या तारा पकडीने घट्ट आवळाव्यात, सगळ्या तारा सारख्या ताणाच्या झाल्या की काम झाले समजावे, आणि तरीही आऊट, म्हणजे रिमचा बाजूला झुकाव, उरलाच तर चाक आडवे टाकून त्यावर पाय देऊन दाबावे. फारशा अवजारांवाचून हे काम घरी होते, एवढे त्यात खरे आहे. बाकीच्या कृतीने मात्र चाक सुधारण्याऐवजी बिघडते.

मुख्य चूक ‘तिथल्या तारा आवळाव्यात’ या शब्दांत आहे. रिममधल्या तारा आळीपाळीने हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, उजव्या आणि डाव्या कडेला जोडलेल्या असतात, प्रत्येक तार रिमला आपल्या बाजूला ओढत असते, आणि या दोन ओढींच्या तोलावर चाक सरळ राहते. रिम उजवीकडे गेली असताना तिथल्या सगळ्याच तारा आवळल्या, तर दोन्ही ओढी वाढतात, झुकाव जवळजवळ तसाच राहतो, आणि वर त्या जागी रिम हबकडे खेचली जाऊन चाकाला खळगा पडतो, जो काढणे मूळ आऊटपेक्षा किचकट असते. म्हणून अशा वेळी डाव्या कडेच्या तारा पाव फेरा आवळाव्यात आणि उजव्या कडेच्या तितक्याच सैल कराव्यात. सैल करण्याचा हा अर्धा भागच सल्ल्यातून गळलेला आहे. अपवाद एकच: तिथली एखादी डावी तार आधीच ढिली पडलेली असेल, तर प्रथम तेवढीच आवळून पाहावी; पुष्कळदा दोष तिथेच असतो.

पाव फेरा ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण २ मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या तारेवर इंचाला ५६ आटे असतात, म्हणजे पूर्ण फेऱ्यात निपल (तारेच्या रिमकडच्या टोकावरचे छोटे नट, जे फिरवून तार आवळतात) सुमारे ०.४५ मिलिमीटर सरकते, आणि ताणलेल्या तारेला एवढा फरकही फार होतो. दिशेचा घोटाळा तर नवख्या माणसाच्या हातून हमखास होतो: टायरच्या बाजूने पाहिले तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवल्यावर निपल आवळते, हबच्या बाजूने पाहिले तर तीच दिशा उलटी दिसते.

पकडीविषयी थोडक्यात: ती निपलच्या कडा घासून गोल करते, आणि मग कोणताच पाना त्यावर बसत नाही. निपलचा नेमक्या मापाचा छोटा पाना हे एकच अवजार टाळता येत नाही. चाक अडकवण्याचा स्टँड मात्र खुशाल टाळावा. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली, चिमट्याच्या (चाक धरणाऱ्या फोर्कच्या) पायाला प्लॅस्टिकची पट्टी बांधून तिचे टोक रिमच्या अगदी जवळ आणले आणि चाक सावकाश फिरवले, की रिम कुठे घासते ते दिसते. तिथे खडूची खूण करावी. जाम झालेल्या निपलांवर आधी तेलाचा थेंब सोडावा.

पाय देऊन दाबण्यापूर्वी त्या भागातल्या तारा सैल करून पाहाव्यात. रिम आपोआप सरळ झाली, तर दोष ताणाचा होता आणि दाबण्याचे कारणच उरत नाही. वाकडीच राहिली, तर धातूच वाकलेला आहे. तो तारांच्या ओढीने सरळ ठेवायचा तर काही तारा फार ताणाव्या लागतात, काही ढिल्या ठेवाव्या लागतात, आणि ढिल्या तारा पुढे हबजवळच्या वाकणात तुटतात. अशी रिम बदललेली बरी.

राहिला सारख्या ताणाचा प्रश्न. गिअरच्या सायकलीच्या मागच्या चाकात उजव्या कडेच्या तारा अधिक उभ्या असल्याने त्यांना डाव्यांहून जास्त ताण लागतो. सगळ्या सारख्या केल्या तर अख्खी रिम डावीकडे सरकते. बोटाने तारा छेडून आवाजाची तुलना जरूर करावी, पण उजवीची उजवीशी आणि डावीची डावीशी.