उद्यापासून रोज लिहिणाऱ्यांसाठी

रोज लिहायचं ठरवलंत, अभिनंदन. ठरवण्यात जो आनंद आहे तो पुढे कुठेच नाही, तेव्हा घाईघाईने संपवू नका. आजच लिहायला बसणं म्हणजे शुद्ध उतावळेपणा. आठवड्याच्या अध्येमध्ये कुणी काही सुरू करतं का? सोमवार येऊ द्या. एक तारखेला येणारा सोमवार असेल तर सोन्याहून पिवळं. असे सोमवार वर्षातून फार तर तीनदा येतात, पण एवढी वर्षं थांबलात तसे आणखी काही महिने.

मधल्या काळात वही घ्या. साध्या वहीत साधंच सुचतं, म्हणून वही जाड पुठ्ठ्याची हवी, किंचित पिवळसर कागदाची, मध्ये रेशमी फीत असलेली. अशी वही घरात आली की एक चमत्कार घडतो: तिच्यात लिहिण्याची आपली लायकी नाही हे लख्ख कळतं. पहिल्याच पानावर खाडाखोड झाली तर? त्यापेक्षा पहिलं पान कोरं सोडावं. दुसऱ्यावर नाव घालावं. मग वही मिटून तिच्याकडे थोडा वेळ बघावं. माझ्याकडे अशा चार वह्या आहेत. तिघींवर माझं नाव फार सुरेख अक्षरात आहे, चौथीचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. पाठकोऱ्या कागदांवर लिहिणाऱ्यांपासून मात्र चार हात लांब राहा. त्यांना खाडाखोडीची लाज नसते, आणि ती लाज गेली की माणूस लिहीत सुटतो.

आता रोजचं लक्ष्य. दोनशे शब्द? छे, तेवढं तर बोलता बोलता होईल, आणि नेमका तोच धोका आहे. रोजचे दोनशे वर्षाकाठी ७३,००० होतात. नकळत एखादी कादंबरी होऊन बसायची. तुम्ही थेट दोन हजार धरा. पहिल्या दिवशी जोशात होतील. दुसऱ्या दिवशी पाहुणे येतील. मग राहिलेले दोन हजार तिसऱ्या दिवसाच्या नावावर चढवा. सावकाराच्या व्याजासारखा हा हिशेब चोख ठेवलात तर आठवड्याच्या आत एवढं देणं अंगावर येईल की टेबलाच्या बाजूला फिरकायचीही छाती होणार नाही. टेबल तेव्हा कपड्यांच्या घड्या ठेवायला मोकळं होतं, हा वरचा फायदा.

सवय लागायला २१ दिवस पुरतात, हे तुम्ही ऐकलंच असेल. त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा. या आकड्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात सापडतं. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात, असं त्याने १९६० साली लिहिलं. पुढे लोकांनी त्यातला ‘किमान’ गाळला आणि चेहराही गाळला. नवं नाक आणि नवी सवय यांत फरक एवढाच, की बाविसाव्या दिवशी नाक आपल्या जागी असतंच, तुम्ही काही करा अगर न करा.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी तपासल्या, त्याच्या फंदात पडू नका. खाण्यापिण्याच्या, व्यायामाच्या साध्या गोष्टी होत्या त्या. तरी त्या अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागतील तर कुणाला २५४, असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. त्याहून वाईट बातमी अशी, की एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही, असंही त्यांना दिसलं. हे एकदा मनावर घेतलंत तर संपलंच. खाडा झाला की ‘आता साखळी तुटली, पुढच्या महिन्यात बघू’ असं म्हणायची सोय कायमची जाईल. वर्षानुवर्षं जपलेली सोय आहे ती.

वेळ ठरवू नका. ‘वेळ मिळेल तेव्हा लिहीन’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पारखून घेतलेलं आहे, कुणाचंही काही लिहून होऊ न देण्याची त्याची ख्याती आहे. ‘दात घासून झाले की लगेच टेबलाशी’ अशी एखादी गाठ मारलीत तर फसाल. दात रोजच घासायचे असतात.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलपचं काय झालं बघा. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून हा गृहस्थ पहाटे उठायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द उतरवायचा. ४७ कादंबऱ्या झाल्या. हे सगळं त्याने आत्मचरित्रात प्रामाणिकपणे सांगून टाकलं. ते १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आलं आणि रसिकांचा मूड गेला. प्रतिभा म्हणजे झपाटणं, झुरणं, रात्री दोनला दचकून उठणं, आणि हा माणूस कारकुनासारखा शब्द मोजतो! तुम्हाला असली बदनामी हवी आहे का? मग झपाटण्याची वाट बघा. ती बघताना फोन चाळता येतो.

यातूनही एखादं वाक्य लिहून झालंच, तर ते लगेच दुरुस्त करायला घ्या. ‘होता’ की ‘होतं’, यावर पाऊण तास आरामात जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचा आणि स्वतःची किळस येईपर्यंत वाचत राहा. उठताना पुढचं काही डोक्यात शिल्लक ठेवू नका. काही धूर्त मंडळी पुढचं सुचलेलं असतानाच उठतात, म्हणजे उद्या कोऱ्या पानाशी झटापट नको. आपण झटापटीला बसतो, ती चुकवून कसं चालेल?

आणि जाहीर करा. सगळ्यांना सांगा की मी आता रोज लिहितो. अंगठे येतील, बदाम येतील, ‘वाट बघतोय’ असं कुणीतरी म्हणेल. लिहिण्याआधीच कौतुक पदरात पडलं, की लिहिण्याचं मुख्य कारण निकालात निघतं.

हा लेख मी पाठकोऱ्या कागदांवर लिहिला, ते तेवढं मनावर घेऊ नका. अक्षर बसलं की चौथ्या वहीत नीट उतरवून ठेवणार आहे. सोमवारी प्लास्टिक काढतो.