पावती कुठाय?

परवाच्या रविवारी आमच्या मॉर्निंग वॉक मंडळाने मला लोहगडाच्या पायथ्याशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि मंडळ वर निघून गेलं. गुडघ्याबद्दल मी कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता. मळवलीला लोकलमधून उतरताना दांडा जरा घट्ट धरला, तेवढ्यावरून आमच्या म्होरक्याने निदान करून टाकलं. "तुम्ही लोहगडवाडीतच थांबा. सगळ्यांच्या सॅकही राहतील तुमच्यापाशी. सगळ्यांचीच सोय." सगळे म्हणजे मी सोडून.

बरं, गुडघ्याची एवढी काळजी, तर भाजे गावापासून गायमुख खिंडीचा चढ का चढवलात? आणि तोही कसा? पुढची मंडळी वळणावर थांबतात, पाणी पितात, खजूर खातात, फोटो काढतात. मी धापा टाकत पोचलो की "चला, आले सगळे!" म्हणून उठतात. दमलेला नाही त्याला विश्रांती, दमला त्याला पुढचा चढ. याला मंडळात 'सगळ्यांना सोबत घेऊन चालणं' म्हणतात.

तर मी खुर्चीवर. अंगात मंडळाचा झगझगीत पोपटी टीशर्ट, गळ्यात 'चुकलात तर वाजवा' म्हणून दिलेली शिट्टी, शेजारी सॅकचा ढीग. एक पांढरी गाडी माझ्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबली. काच खाली झाली.

"किती?"

"काय किती?"

"पार्किंगचे हो."

"मी पार्किंगवाला नाही."

"मागच्या वेळी तीस दिले होते. आता तुम्ही पन्नास म्हणाल. मी एक रुपया जास्त देणार नाही."

"अहो, मी मागतच नाहीये."

"हां! आत्ता मागायचे नाहीत आणि जाताना गाडी अडवायची." मग बायकोकडे वळून, "बघितलंस? ही यांची पद्धत."

"साहेब, मी ट्रेकला आलोय."

त्याने गाडीचं इंजिन बंद केलं. शिट्टीकडे बघितलं, टीशर्टकडे बघितलं, मग शांतपणे विचारलं, "खुर्चीवर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"आणि या बॅगा?"

"आमच्या मंडळाच्या."

"म्हणजे सामानही ठेवून घेता. त्याचे वेगळे, का गाडीतच धरून?"

मागच्या सीटवरून त्याची सासू असावी, ती म्हणाली, "अहो, त्यांना आधी बाथरूम कुठंय ते विचारा." मी हात करून दाखवलं. तिथेच माझी केस संपली. ज्याला बाथरूम ठाऊक, तो इथलाच माणूस.

त्याने दहाच्या तीन नोटा माझ्या हातात कोंबल्या आणि हात पुढे केला. "पावती?"

"पावती नाही."

"पावती कुठाय?"

"अहो, मी पार्किंगवालाच नाही तर पावती कुठून आणू?"

"मग पैसे कशाला घेतलेत?" असं म्हणून त्याने नोटा परत घेतल्या, गाडी तिथेच ठेवली, आणि मोबाइल काढून माझा फोटो काढला. "राहू दे पुरावा. ओरखडा दिसला तर तुम्हालाच धरणार."

सासूबाई जाताना म्हणाल्या, "या वयात करावं लागतं हो बिचाऱ्यांना."

हे मला अजून झोंबतंय.

नाना फडणीसांनी आपला खजिना याच लोहगडावर ठेवला होता. किल्लेदार होते धोंडोपंत नित्सुरे. 1789 साली नानांनी गडावर बाव, म्हणजे विहीर, बांधली, तिच्या शिलालेखातही धोंडोपंतांचं नाव आहे, काम त्यांच्या देखरेखीखाली झालं म्हणून. देखरेखीचं चीज झालं ते असं. मी ज्यावर देखरेख केली त्यात खाकरे, ओडोमॉस, एक डझन केळी आणि कुणाचे तरी ओले मोजे होते. आणि माझी नोंद एका अनोळखी मोबाइलमध्ये, पुरावा म्हणून.

थोड्या वेळाने खरा पार्किंगवाला पोरगा चहाच्या टपरीवरून आला. काखेत पावतीपुस्तक. इकडेतिकडे बघून म्हणाला, "काका, तीन गाड्या फुकट लागल्या की! शिट्टी हाये ना गळ्यात? मारायची की जरा."

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, लोहगड त्यातलाच. चांगलंच झालं. पण रविवारी इथे जी जत्रा लोटते तिच्यातले निम्मे लोक महादरवाजासमोर पाठ करून उभे असतात, कारण मोबाइल दुसऱ्या बाजूला असतो. मला त्या दरवाजाकडे तोंड करून पाच मिनिटं उभं राहायचं होतं. चारही दरवाजे मी हळूहळू चढलो असतो. कुणी विचारलंच नाही.

उतरल्यावर मंडळ फक्त विंचूकाट्याबद्दल, म्हणजे गडाच्या त्या लांबट सोंडेबद्दल, बोलत होतं. विंचूकाट्यावरचा वारा, विंचूकाट्यावरचा ग्रुप फोटो, विंचूकाट्यावर म्होरक्याने मारलेला विनोद. मग माझ्याकडे लक्ष गेलं. "तुम्ही मस्त आराम केलात ना?" मी पार्किंगचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात म्होरक्याने सॅकमध्ये डोकं घातलं आणि म्हणाला, "यात बारा केळी होती. दहाच कशी?"

माकडाने नेली, असं मी सांगितलं. मंडळाने माझ्याकडे बघितलं. मळवलीच्या फलाटावर लोकल येईपर्यंत त्यावर चर्चा चालली.

रात्री मोबाइलवर सहलीचा हिशेब आला. माझ्याकडून वर्गणी पूर्ण, गड चढणाऱ्यांएवढीच. खाली वेगळ्या ओळीत: केळी 2, रुपये 12.