फी किती, यापेक्षा हप्ता कधी

कॉलेज प्रवेशाच्या कॅप फेऱ्या सुरू झाल्या की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तोच हिशेब रंगतो. चार वर्षांची फी एवढी, पहिलं पॅकेज एवढं, मग पैसे वसूल कधी? त्यात कॉम्प्युटर पहिल्या नंबराने पास आणि बीए कायमचं नापास.

मी मेलबर्नला राहतो. इथे हाच हिशेब खुद्द सरकारने मांडून पाहिला. २०२१ पासून इतिहास, समाजशास्त्राची फी दुपटीहून वाढवून वर्षाला १४,५०० ऑस्ट्रेलियन डॉलरवर नेली. नर्सिंग, शिक्षणशास्त्र, गणिताची ३,९५० च्या आसपास उतरवली. मुलांनी नोकरीच्या विषयांकडे वळावं, हा हेतू. गंमत म्हणजे वैद्यकीयची फी ११,३०० च्या घरात. म्हणजे उद्याच्या डॉक्टरपेक्षा इतिहासवाल्याच्या डोक्यावर वर्षाला जास्त कर्ज! मुलं काही फारशी वळली नाहीत. २०२४ मध्ये सरकारच्याच समितीने ही रचना बदला असं सांगितलं.

घ्यायचंच तर इथून दुसरं काहीतरी घ्यावं. १९८९ पासून इथल्या नागरिकांची फी सरकार आधी भरतं आणि नंतर पगारातून कराबरोबर वळती करतं. २०२५-२६ मध्ये ६७,००० डॉलरपर्यंत कमाई असेल तर वसुली शून्य, त्यावर सव्वा लाखापर्यंत दर डॉलरमागे १५ सेंट. ७०,००० कमावणाऱ्याचे वर्षाला ४५० कापले जातात. नोकरी सुटली की वसुलीही थांबते. कर्ज मात्र पूर्वी महागाईबरोबर वाढत राहायचं. २०२३ मध्ये त्यात एकदम ७.१ टक्के भर पडली आणि इतकी बोंबाबोंब झाली की सरकारला नियम मागच्या तारखेपासून बदलावा लागला; आता महागाई आणि पगारवाढ यांतला कमी दर लागतो. (आपल्याकडून येणाऱ्या मुलांना यातलं काही नाही. त्यांची फी पूर्ण, आणि कर्ज बहुधा तिकडच्याच बँकेचं.)

आपल्याकडे शिक्षण संपून साधारण वर्ष झालं की शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू. पगार पंधरा हजार असो की लाख, बँकेला फरक पडत नाही, आणि सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असतेच. महाराष्ट्राने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या काही प्रवर्गांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, चांगलंच केलं. पण तीही व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती.

आपल्याकडे प्राप्तिकर भरणारे थोडे, त्यामुळे इथली पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, हे मान्य. पण ज्यांच्या पगारातून पीएफ कापला जातो, निदान त्यांचा हप्ता तरी पगाराच्या टक्क्यात बांधायला काय हरकत आहे?