वेळ घालवण्यासाठी नव्हे
एका सामुदायिक कलादालनावर आलेल्या लेखात, तिथल्या ज्येष्ठ स्त्रियांनी ‘उतारवयात वेळ घालवण्यासाठी’ कुंचला हाती घेतला, असे म्हटले आहे; ते मला पटले नाही. माझी आई नागपूरच्या महाल भागातल्या घरी, रात्रीची भांडी आटोपल्यावर, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर हळदीने आणि निळीने चित्रे काढीत असे, आणि ओलाव्याने फुगलेला कागद सपाट व्हावा म्हणून तो वाळल्यावर गादीखाली ठेवी. वेळ घालवायचा कुठला, तो तिला मिळतच नव्हता.

त्या दालनातील स्त्रियांच्या इतिहासाच्या भिंतीबद्दल लेखिकेने नेमके लिहिले आहे. मात्र जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेचा त्यात साधा उल्लेखही नसावा, हे (निदान नागपूरकराकडून) अपेक्षित नव्हते.