तीन नंबरचा बावटा आणि मंगलवैनीची वही

देवगड बंदरात तिसऱ्या दिवशीही तीन नंबरचा, म्हणजे वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा बावटा वर होता, आणि बावटा असला की आमचा कट्टा सकाळी साडेसातलाच भरतो. एरवी त्या वेळेला बाबल दर्यात असतो, भाई बागेत आणि सर देवपूजेत. रविवार, म्हणून मीही होतो.

जेटीच्या तोंडाशी मंगलवैनीची चहाची टपरी. तिच्या आडोशाला सिमेंटचा एक बाक, त्याचा एक पाय तौक्ते वादळात गेला तो गेलाच, तिथं आता जांभ्याचा चिरा आहे. समोर आसऱ्याला आलेल्या गुजरातच्या नौका एकमेकींना खेटून उभ्या. मोजायला गेलो, पण विसानंतर डोलकाठ्या एकमेकींत मिसळायला लागल्या. वारा सरळ उत्तरेचा. टपरीचं निळं प्लास्टिक असं फडफडत होतं की निम्मं बोलणं ओरडूनच करावं लागत होतं. भाई बायकोची शाल पांघरून आला होता. त्यावर बोलून झालं, मग मुद्द्याला सुरुवात झाली.

"ह्याला वारा म्हणतात?" दुबई म्हणाला.

दुबईचं खरं नाव वेगळं. चौदा वर्षं तो बहरीनला होता, दुबईला फक्त विमान बदलायला उतरायचा. पण गावानं एकदा नाव ठेवलं की ते सातबाऱ्यावर चढल्यासारखंच. "बहरीन, बहरीन," असं तो दर वेळी दुरुस्त करतो आणि दर वेळी कोणीतरी "तेच ते" म्हणतं.

"आमच्याकडे शमाल सुटायचा. शमाल! अरबीत शमाल म्हणजे उत्तर. दोन-दोन, तीन-तीन दिवस. समोरची बिल्डिंग दिसायची नाही धुळीनं. तरी आम्ही डयुटीवर. आणि इथं? जरा चहा हलला की बावटा!"

"तू डयुटी करी होतंस ती एसीत," बाबल म्हणाला. "एसीक खयचो वारो लागता?"

बाबल तांडेल. स्वतःची होडी, पाच खलाशी, आणि आत्ता होडीत बर्फाच्या लाद्या विरघळत पडलेल्या. तेरवा दुपारी बर्फ भरला, संध्याकाळी इशारा आला. त्यामुळे तो आधीच तापलेला होता आणि दुबईला तेवढंच कळत नव्हतं.

पक्यानं मोबाइल पुढं केला. त्याच्या वाऱ्याच्या ॲपवर अख्खा अरबी समुद्र जांभळा दिसत होता. "कोल्ड फ्रंट आहे बाबलकाका. कराचीवरून खाली आलाय. हे बघा."

"कोल्ड फ्रंट," असं म्हणून सरांनी चष्मा काढला. सरांनी चष्मा काढला की समजायचं, तास सुरू.

सर भूगोलाचे. आमच्यातल्या निम्म्यांना त्यांनी शिकवलं आणि उरलेल्यांना नापास केलं. त्यांचं म्हणणं असं की कोकणात बसून कोल्ड फ्रंट म्हणणं हे जरा जास्तच होतं. भूमध्य समुद्राकडून कमी दाबाची क्षेत्रं निघतात, इराण-अफगाणिस्तान ओलांडून येतात, तो पश्चिमी विक्षोभ. ते पुढं हिमालयाकडे सरकलं की त्याच्या पाठीमागून उत्तरेची थंड, कोरडी, जड हवा खाली उतरते आणि गरम हवेच्या पोटाखाली पाचरीसारखी घुसते. त्या पाचरीची कड म्हणजे फ्रंट. "शब्द लढाईतला आहे. पहिलं महायुद्ध संपता संपता नॉर्वेतल्या बर्गेनच्या हवामानवाल्यांनी उचलला. दोन हवा समोरासमोर, जशा दोन फौजा. मराठीत आपण शीत आघाडी म्हणतो."

"आघाडी?" वैनीनं गाळणी आपटली. "मगे फुटली आसतली."

सर हसू दाबत म्हणाले, "फुटतेच! तेच सांगतोय. सिंध-सौराष्ट्रापर्यंत ती कड स्पष्ट असते. इथं पोचेपर्यंत थंडी वाटेत उबून जाते, कड पुसते. उरतो तो वारा."

"म्हंजे आघाडी फुटली वर, आणि त्रास खालच्या मतदाराक."

यावर दोन मिनिटं राजकारण झालं. ते इथं लिहीत नाही, कारण भाई आणि बाबल यांचं त्यावरून 2019 पासून नीट बोलणं नाही आणि आत्ता कुठे एका बाकावर बसायला लागलेत.

पक्याला मात्र पाचर पटेना. हवा जड असते म्हणजे काय? तेवढ्यात बाबलच्या मुलानं आडोशाला ठेवलेला थर्माकोलचा खोका उघडला. आतल्या बर्फाच्या चुऱ्यावरून पांढरी वाफ कडेपर्यंत आली, वर जायच्याऐवजी खोक्याच्या बाहेरून खाली ओघळली आणि फरशीला चिकटून सरपटत भाईच्या उघड्या पावलांवर गेली. भाईनं दोन्ही पाय बाकावर घेतले.

"ही बघ," सर म्हणाले. "भाईच्या पायाखाली घुसली ना? आणि भाई वर उचलला गेला."

इतकं चांगलं उदाहरण सरांना तीस वर्षांच्या नोकरीत सापडलं नसेल. म्हणून त्यांनी लगेच झोताचंही सांगून टाकलं. खाली समुद्र 26-27 अंशांचा, वर थंड हवा, त्यामुळे खालची हवा उतू जाणाऱ्या दुधासारखी वर उसळते आणि वरचा जोराचा वारा तिच्या जागी खाली आपटतो. म्हणून हा वारा एकसारखा वाहत नाही, दणके देतो. हवामान खात्याच्या पत्रकात 'ताशी 45 ते 55, झोत 65' असं लिहिलेलं असतं, त्यातला झोत तो हा. होडी वाऱ्याला सांभाळते, झोताला नाही. हे शेवटचं वाक्य बाबलचं, आणि सरांनी मान डोलावली, जी त्यांनी नववीत कधी डोलावली नव्हती.

नववीचा विषय निघालाच. 'मतलई वारे केव्हा वाहतात?' याचं उत्तर बाबलनं 'पहाटे चार वाजता' असं लिहिलं होतं आणि सरांनी शून्य दिलं होतं.

"पुस्तकात 'रात्री' होतं," सर म्हणाले.

"पुस्तकवालो चार वाजता उठी होतो काय? माजो बापूस उठी होतो. त्या वाऱ्यार शीड लावन भायर पडी होतो."

"एक गुण द्यायला हवा होता," सर म्हणाले. चाळीस वर्षांनी का होईना, हे ऐकायला बरं वाटलं. माझाही त्या पेपरात एक गुण गेला होता, पण मी गप्प बसलो.

पक्या 2022 वर घसरला. तेव्हा तो डोंबिवलीत मामाकडे होता. 23 जानेवारी, रविवार. सकाळी उठून बघतो तर मामाच्या काळ्या बाइकवर पांढरी पूड. मामाला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणी चुना लावतंय, तो वर भांडायला गेला. वरचाही आपली गाडी बघून खाली भांडायला येत होता. दोघं जिन्यात भेटले. मग टीव्हीवर कळलं की ती धूळ पाकिस्तानातून आलीये. मुंबईचं त्या दिवशीचं कमाल तापमान 24 च्या आसपास, म्हणजे जानेवारीत असतं त्यापेक्षा सहा-सात अंशांनी खाली.

"ती आमचीच धूळ," दुबई अभिमानानं म्हणाला. जणू कुरियरनं पाठवली होती.

"मुंबईची थंडी म्हणाल तर 22 जानेवारी 1962," सर म्हणाले. "सांताक्रूझला 7.4 अंश. अजून तो आकडा मोडलेला नाही."

"बहरीनला..." दुबईनं तोंड उघडलं.

"रे, तुज्या बहरीनात बर्फ पडलो तरी माजो बर्फ वितळता हयसर!" बाबल उखडला. मग तो थांबेना. परवाचा दिवस घ्या, म्हणाला. बावटा लागला आणि दिवसभर पानही हललं नाही. दर्या तेलासारखा. वारा सुटला काल. "इशारो आदल्या दिवशी, वारो दुसऱ्या दिवशी. मदलो दिवस कोणाच्या नावार?"

"इशारा वाऱ्याच्या आधीच देतात रे. नंतर दिला तर त्याला बातमी म्हणतात," सर म्हणाले.

हे बिनतोड होतं. बाबल गप्प झाला. कोणीतरी हळूच फयान म्हणालं. 11 नोव्हेंबर 2009 च्या त्या चक्रीवादळाचं नाव निघालं की या बाकावर कोणी चेष्टा करत नाही. वैनीनं न विचारता चहा ओतला.

मग बाबल सावकाश बोलला. मला विचाराल तर त्या सकाळी शुद्धीवर तेवढाच एक माणूस बोलला. "बावटो नको असा कोण म्हणता? बावटो होयोच. पण त्या बावट्याखाली बसलेलो खलाशी तीन दिस काय खातलो, ता पण त्याच पत्रकात लिवा. जून-जुलैची बंदी आमी धरून चलतो. ह्या जानेवारीतल्या बंदीचो हिशोब खयच्याच वहीत नाय."

"माज्या वहीत आसा," वैनी म्हणाली.

तिनं ती बाहेर काढली. शंभर पानी, कव्हर केव्हाच गेलेलं, शिलाई सुटलेली, चहाच्या भांड्याचे गोल गोल डाग. खलाशांची उधारी. "सरांनू, तुमी आता काय बोललास? वारो दुप्पट झालो की?"

"वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो."

"ह्या बगा. परवा एक पान. काल चार." तिनं खरंच पानं उलटून दाखवली. सर वाकून बघत राहिले. "तुमच्या मोबाइलात कलर दिसता, माका हयसर दिसता. दर्या खवळलो की पयलो चाय उधार, मगे भजी उधार, मगे बिडी. बिडी उधार सुरू झाली की समजूचा, अजून दोन दिस तरी बोटी सुटणत नाय."

"आणि तुमचं ॲप काय म्हणतंय?" मी पक्याला विचारलं.

"मंगळवारपर्यंत," पक्या पुटपुटला. दोन दिवसच.

इतका वेळ भाई शालीत गप्प होता. त्याला हा वारा मनातून आवडला होता आणि ते चेहऱ्यावर दिसू नये याची तो काळजी घेत होता. थंडी पडली म्हणजे हापूसला मोहोर. बाबलनं ते बरोबर ओळखलं. "माजो खाडो आणि तुजो मोहोर, वारो एकच. होय मा रे भाई?"

"कसला मोहोर!" भाई लगेच रडायला लागला. थंडी अशीच राहिली तर पुन्हा नवा मोहोर फुटेल, झाड सगळी ताकद त्यात घालील आणि आधीच्या मोहोराची वाटाण्याएवढी फळं गळून पडतील. वर वाऱ्यानं मोहोर झडतोय तो वेगळाच. परत थंडी मोडली की तुडतुडे. फवारण्या करून करून माणूस विकायला निघालाय.

हे सगळं खरं आहे, कोकणातला कोणीही बागायतदार सांगेल. पण भाईला चांगलं पीक आलेलं वर्ष अजून कुठल्याही कॅलेंडरात छापलेलं नाही, आणि गेल्या मे महिन्यात त्यानं नवा टेम्पो घेतला.

"टेम्पो खयच्या तुडतुड्यान दिलो?" वैनीनं विचारलं.

दुबईला वाटलं, आपल्याकडचं लक्ष गेलं. त्यानं पुन्हा शमालला हात घातला. शमालमध्ये आम्ही क्रिकेट खेळायचो, म्हणाला. ही त्याची चूक झाली. क्रिकेट म्हटल्यावर 1998 ची टेनिस बॉल स्पर्धा आली, फायनल आली, शेवटची ओव्हर आली आणि लाँगऑनवर दुबईनं सोडलेला कॅच आला. त्यावर त्याचं उत्तर सत्तावीस वर्षं ठरलेलं आहे: वाऱ्यानं बॉल ओढला.

"त्या दिवशी वारो न्हवतो," बाबल म्हणाला.

"होता! उत्तरेचा होता! झोत होता!"

"आता झोत शिकलो बगा," वैनी म्हणाली. "शमालात कॅच घेय होतो, आणि हयसर जरा चहा हललो की बॉल सुटता."

सर चष्मा लावून गंभीरपणे म्हणाले, "मे महिना होता. पश्चिमी विक्षोभाची शक्यता कमी." बाबल इतका हसला की त्याला ठसका लागला. सकाळपासून तो पहिल्यांदाच हसला असेल.

आणि तेवढ्यात झोत आला. खरा. प्लास्टिकचा एक कोपरा सुटून बंदुकीसारखा वाजला, दोन ग्लास आडवे झाले, आणि वैनीची उघडी वही, शिलाई सुटलेली, पानापानांनी उडाली. जेटीवरून सरळ पाण्यात. काही पानं गुजरातच्या नौकांवर गेली. तिथल्या एका खलाशानं एक पान पकडलं, उलटसुलट बघितलं आणि आमच्याकडे बघून हात हलवला. इकडे जेटीवर बसलेल्या खलाशांनी शिट्ट्या मारल्या. कोणीतरी "वारो जिंदाबाद" ओरडलं. दुबईनं तर टाळी दिली. त्याचं पानही त्यात होतं.

मंगलवैनीनं स्टोव्हची वात खाली केली. पदरानं हात पुसले. पाण्यात तरंगणाऱ्या पानांकडे तिनं एकदा बघितलं, मग आमच्याकडे.

"झाला हसान? माका सगळा पाठ आसा," ती म्हणाली. "बाबलचे खलाशी पाच, तीन दिस, सातशे वीस. पक्या एकशे दहा, त्यातली सिगरेट धरून, आणि ती तुज्या आवशीक सांगूक नाय अजून. भाई नव्वद, टेम्पोवालो म्हणान शंभर. दुबई..."

"बहरीन," दुबई म्हणाला.

"...दुबई तीनशे साठ. आणि सर, तुमचे दोनशे चाळीस."

"माझे?" सर दचकले. "माझी कधी उधारी असते का?"

"तुमची नाय. ते आघाडीचे. फुटली मगे कोणीतरी भरूक होये मा?"