पाकिटावर मासा, आत मका

मांजराच्या खाद्याच्या पाकिटावर चकचकीत टूना मासा उडी मारतोय. जरा उलटं करून बघा. भिंग घ्या बरं का, अक्षरं मुंगीच्या पायाएवढी असतात. पहिला घटक कोण? मका! मग तांदूळ, मग गव्हाचं ग्लुटेन, आणि मासा बिचारा पार शेवटी, मिठाच्या शेजारी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणजे माशाच्या भावात मक्याचा भरडा विकताहेत. अहो, मांजर आहे ते, कोंबडी नव्हे!

अमेरिकेतले नियम तर आणखी भारी. 'विथ टूना' म्हणायला ३ टक्के टूना पुरतो. 'टूना फ्लेवर' लिहिलं तर तेवढाही नको, नुसती चव लागली तरी चालतं!

आणि प्रथिनांचे आकडे? कोरड्या खाद्यावर ३० टक्के, ओल्या पाऊचवर १०. सगळे झडप घालतात कोरड्यावर. अरे, पाऊचमध्ये ८० टक्के पाणी आहे! ते वजा केलं की तिथे प्रथिनं ५० टक्के निघतात, कोरड्यातलं १० टक्के पाणी वजा केलं तर जेमतेम ३३. हे गणित दुकानात उभं राहून कोण करणार? कर्बोदकांचा तर बहुतेक पाकिटांवर आकडाच नसतो. बसा शंभरातून बाकीचे आकडे वजा करत.

टॉरिन नावाचं पोषकद्रव्य कमी पडलं की मांजराचं हृदय निकामी होऊ शकतं, हे १९८७ पासून माहीत आहे. पण ठळक काय छापतात? 'प्रीमियम'! कोणी ठरवलं प्रीमियम? दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, "मॅडम, हाच जास्त खपतो."

खपणारच! जाहिरातीतलं मांजर किती गोंडस आहे.