पर्याय आहे, पण सोडायला कोण जाणार?

परवा दादाचा फोन आला तेव्हा विषय निघाला समूह शाळांचा. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करून पुणे जिल्ह्यात पानशेतला केली तशी एक मोठी शाळा करायची आणि पोरांना बसने आणायचं. दादा भोर तालुक्यात जिल्हा परिषदेचा शिक्षक, त्याच्या शाळेचा पट अकरा. ‘‘तुझं बरंय,’’ म्हणाला, ‘‘तुमच्याकडे शाळा निवडता येते.’’

येते, खरंय. मी राहते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या नेव्हाडा काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा), ग्रास व्हॅली गावाजवळ. जुन्या सोन्याच्या खाणींचा डोंगराळ मुलूख, अख्ख्या काउंटीची वस्ती लाखभर. त्या मानाने चार्टर शाळा बऱ्याच. चार्टर म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण आपला कारभार आपणच बघणारी शाळा. करार ठरावीक वर्षांचा. काम बरं नसेल तर नूतनीकरण नाही. अर्ज जास्त आले की सोडत. (आरटीईची सोडत ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ती धाकधूक सांगायला नको.)

लेकीसाठी आम्ही दोन पाहिल्या. एक वॉल्डॉर्फ पद्धतीची, म्हणजे हस्तकला आणि हाताने करून शिकण्यावर भर देणारी. पहिलीच्या वर्गातली पोरं सुयांवर लोकर विणत बसलेली, एकाचा धागा सुटला तर शेजारचा न सांगता उचलून देत होता. दुसऱ्या शाळेत पोरं कितीतरी आठवडे एकाच ओढ्याचा अभ्यास करत होती, खिडकीत गढूळ पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. दोन्ही आवडल्या. मग नवऱ्याने विचारलं, सोडायला कोण जाणार?

आमच्या वळणावर पिवळी बस येते ती घराच्या पत्त्यावरून नेमून दिलेल्या सरकारी शाळेची. चार्टरवर बसची सक्ती नाही, आणि आम्ही निवडली तिथे बस नव्हती. जायला पंचवीस मिनिटं, यायला पंचवीस, दुपारी पुन्हा तेच. माझं काम घरून चालतं म्हणून जमलं. शेजारीण किराणा दुकानात सकाळच्या पाळीला असते. तिने फॉर्मच भरला नाही.

इथे पैसा मुलामागे जातो, तोही रोजच्या हजेरीवर. प्रत्येक वर्गातून दोन-दोन पोरं चार्टरला गेली की मूळ शाळेचं अनुदान घटतं. वर्ग मात्र तेवढेच, बाई तेवढ्याच, हीटरचं बिलही तेवढंच. नव्या चार्टरला मंजुरी देताना हा आर्थिक फटका विचारात घ्यायची मुभा कॅलिफोर्नियाने २०१९ च्या कायद्याने स्थानिक शिक्षण मंडळांना दिली. शेजारणीच्या मुलीच्या शाळेतून गळालेल्या पैशात माझ्याही लेकीचा वाटा आहे.

म्हणून आपल्याकडे कुणी अमेरिकेचा दाखला देत ‘पालकांना पर्याय द्या, चांगल्या शाळा टिकतील’ म्हणालं की मला शेजारीण आठवते. पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, हा आपला नियम कारकुनी वाटतो, पण तो पायी चालणाऱ्या पोराच्या हिशोबाने लिहिलाय. समूह शाळेला माझा विरोध नाही. अकरा पोरांत धड कबड्डीचे दोन संघ होत नाहीत, हे दादाही कबूल करतो. फक्त बसचा खर्च कुठल्या खात्यातून आणि तिसऱ्या वर्षीही येणार का, एवढं जुनी शाळा बंद करण्याआधी कागदावर घ्यावं.

दादाला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. ‘‘ओढ्याला पाणी आलं की मीच शाळेत पोचत नाही,’’ म्हणाला, ‘‘तू बस कुठली घेऊन बसलीस!’’